'सारखा' या शब्दाची किंमत

वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट तालुक्यात अल्लीपूर नावाचे गाव आहे. तेथे काही शिक्षकांशी 'मेंदू आणि औषधे' या विषयावर बोलण्याचा योग आम्हाला आला. बोलणे आटोपल्यावर एका शिक्षकांनी बाजूला घेऊन आपल्या नात्यातल्या एका शेतकऱ्याची हकीकत सांगितली. डॉक्टरांनी त्यांना उदासीवर गोळ्या सुरू केल्या होत्या. ते गोळी घेत आणि संध्याकाळी मोहाचीही घेत. कोणी हटकले की म्हणत, "दोन्हीचं काम एकच हाय. उंदरावर परयोग करून पाह्यलं म्हन्ते." शिक्षकांचा प्रश्न असा होता, की हे खरे आहे का आणि खोटे असेल तर त्यांना काय समजावून सांगावे?

प्रश्न वाटतो तितका सोपा नव्हता, कारण त्यातला उंदरांवरचा प्रयोग खरोखरच झालेला आहे. तो परदेशात झाला आहे आणि आपल्या नागपुरातही झाला आहे. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे, तरी दारू मिळते हे सगळ्यांना ठाऊक आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली, त्यांत वर्धाही होता. अशा ठिकाणी एखादा प्रयोग चुकीचा वाचला गेला, तर ती चूक कागदावर राहत नाही, कोणाच्या तरी घरात शिरते. म्हणून या प्रकारच्या संशोधनाची, आणि ते आपण कसे वाचतो याची, थोडी कठोर तपासणी येथे करायची आहे.

प्रयोग कसा करतात?

उंदीर उदास आहे की नाही हे त्याला विचारता येत नाही. यावर १९७७ साली पोर्सोल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक युक्ती सुचवली. काचेच्या उभ्या नळकांड्यात पाणी भरायचे आणि त्यात उंदीर सोडायचा. पाणी इतके खोल, की शेपूट किंवा पाय तळाला टेकू नयेत आणि भिंत इतकी उंच, की बाहेर पडता येऊ नये. उंदीर सुरुवातीला जोरात पोहतो, भिंतीवर चढू पाहतो. काही वेळाने तो धडपड थांबवतो आणि नाक पाण्यावर राहील एवढीच हालचाल करीत तरंगत राहतो. लहान उंदरांच्या बाबतीत साधारणतः ६ मिनिटे निरीक्षण करतात आणि शेवटच्या ४ मिनिटांत तो किती सेकंद निश्चल होता ते मोजतात. नैराश्यावरची त्या काळी माहीत असलेली औषधे आधी टोचली, तर हा निश्चल काळ कमी होतो असे दिसले. चाचणी स्वस्त, झटपट आणि कोणालाही करता येण्याजोगी असल्याने जगभर पसरली.

नागपूर विद्यापीठाच्या (२००५ पासून राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ) औषधनिर्माणशास्त्र विभागात या चाचणीवर बरेच काम झाले. तेथील संशोधकांचे लक्ष 'अ‍ॅलोप्रेग्ननोलोन' नावाच्या रेणूवर होते. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकापासून शरीरात आणि मेंदूतही तयार होणारा हा पदार्थ. मेंदूत 'गाबा' नावाचे एक चेतापारेषक द्रव्य असते. चेतापेशींची उत्तेजना आवरणे हे त्याचे मुख्य काम. अ‍ॅलोप्रेग्ननोलोन गाबाच्या ग्राहींवर बसून हा लगाम आणखी घट्ट करतो. २००० साली या गटाने दाखवले की हा रेणू टोचल्यावर उंदरांचा निश्चल काळ कमी होतो. २००२ साली याच गटाने मद्यार्काचा पोहण्याच्या चाचणीवर काय परिणाम होतो आणि त्यात या रेणूचा वाटा किती, हे तपासले. एकदाच दिलेल्या मद्यार्काने निश्चल काळ कमी झाला. म्हणजे या चाचणीपुरता मद्यार्क हा नैराश्यावरच्या औषधासारखा वागला.

यात आणखी एक धागा मिळतो. फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचे सुप्रसिद्ध औषध. सिरोटोनिन नावाचे चेतापारेषक पेशीत परत ओढून घेणाऱ्या प्रथिनाला ते अडवते. पण त्याच्यामुळे उंदरांच्या मेंदूतील अ‍ॅलोप्रेग्ननोलोनही वाढतो, असे १९९६ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले. मद्यार्कानेही उंदरांच्या मेंदूत तोच रेणू वाढतो असे २००० साली दिसले. म्हणजे गोळी आणि दारू या दोघांच्या वाटा उंदराच्या मेंदूत एका ठिकाणी एकत्र येतात. अल्लीपूरच्या त्या शेतकऱ्यांचे 'दोन्हीचं काम एकच' हे वाक्य कानोपकानी येथूनच निघाले असावे. २०१६ साली अमेरिकेतील वेक फॉरेस्ट विद्यापीठातून उंदरांवर असाच एक शोधनिबंध आला, तेव्हा दारू आणि नैराश्य यांची जोडी जगभरच्या बातम्यांत झळकलीच होती.

गळून पडलेला शब्द

आता तपासणीला लागू. पहिली गोष्ट भाषेची. या विषयावरचे शोधनिबंध नीट वाचले, तर बहुतेकांत 'नैराश्यविरोधी परिणाम' असे लिहिलेले नसते, 'नैराश्यविरोधी औषधासारखा परिणाम' असे लिहिलेले असते. वऱ्हाडीत म्हणायचे तर 'दवाईवानी'. हा 'सारखा' किंवा 'वानी' शोधनिबंधाच्या शीर्षकात असतो, सारांशात कधीकधी विरळ होतो, बातमीत गळतो आणि पानटपरीवर पोहोचेपर्यंत नाहीसा होतो.

तो शब्द तेथे सवयीने ठेवलेला नाही. चाचणी मोजते ते सेकंद. निश्चलतेला 'हताशपणा' हे नाव आपण दिले. उंदीर तरंगत राहतो तो निराश होऊन, की शक्ती वाचवण्याचा शहाणपणा करून, की यातून बाहेर पडता येत नाही हे शिकल्यामुळे, हे सेकंदांवरून कळत नाही. नुसती चुळबुळ वाढवणारी द्रव्येही हा काळ कमी करतात. कॅफीन आणि अ‍ॅम्फेटामिन ही त्याची उदाहरणे. म्हणून चांगले संशोधक त्याच उंदरांची मोकळ्या पिंजऱ्यातली हालचाल प्रकाशकिरणांच्या साहाय्याने वेगळी मोजतात. असा तक्ता निबंधात नसेल, तर वाचकाने तेथेच थांबून शंका घ्यावी.

दुसरी अडचण वेळेची. फ्लुओक्सेटिनसारखी गोळी रुग्णाला सुरू केली, तर उतार पडायला साधारणतः २ ते ४ आठवडे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. पोहण्याच्या चाचणीत मात्र औषध टोचल्यावर काही तासांतच फरक दिसतो. जो परिणाम माणसात महिन्याने दिसतो आणि जो उंदरात तासाभरात दिसतो, ते दोन्ही एकच आहेत असे धरून चालणे धाडसाचे आहे. या त्रुटींमुळे ऑस्ट्रेलियाच्या आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२३ साली ही चाचणी माणसाच्या नैराश्याचे प्रतिरूप म्हणून वापरू नये असे जाहीर केले.

मात्रेचे गणित

तिसरा आक्षेप शाळेच्या फळ्यावर मांडता येईल असा आहे. लहान उंदरांवरच्या मद्यार्काच्या प्रयोगांत शरीराच्या दर किलो वजनामागे २ ग्रॅम ही नेहमीची मात्रा आहे. ६० किलोच्या माणसासाठी सरळ गुणाकार केला तर १२० ग्रॅम मद्यार्क होतो. १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये ४२.८ टक्के मद्यार्क धरला, तर आकारमान ७७ मिलिलिटर आणि वजन सुमारे ६१ ग्रॅम येते. म्हणजे १२० ग्रॅम या जवळजवळ दोन क्वार्टर झाल्या.

पण औषधशास्त्रात एका प्राण्याची मात्रा दुसऱ्याला लावताना केवळ वजन पाहत नाहीत. लहान प्राण्याच्या शरीराचे पृष्ठफळ वजनाच्या मानाने मोठे आणि चयापचय वेगवान असतो. म्हणून लहान उंदराची दर किलोची मात्रा माणसाला लावताना तिला सुमारे १२.३ ने भागण्याची पद्धत आहे. त्या हिशेबाने ६० किलोच्या माणसाला जेमतेम १० ग्रॅम, म्हणजे क्वार्टरचा सहावा हिस्सा येतो. एकाच प्रयोगातून एका रीतीने दोन क्वार्टर आणि दुसऱ्या रीतीने दोन घोट! यातले खरे कोणते? मद्यार्कासाठी दोन्ही रीती अपुऱ्या आहेत. रक्तातील मद्यार्काची पातळी दोन्ही प्राण्यांत मोजून तुलना केल्याशिवाय उत्तर देता येत नाही. शिवाय उंदराला मद्यार्क पोटात टोचलेला असतो आणि तो त्याच्या शरीरातून माणसाच्या मानाने कितीतरी वेगाने निघून जातो. 'उंदराला जेवढी दिली तेवढी' या शब्दांना म्हणूनच अर्थ उरत नाही.

उंदीर, उंदीर आणि माणूस

मराठीत आपण 'माऊस' आणि 'रॅट' या दोघांनाही उंदीर म्हणतो. बातमीतही तोच शब्द येतो. प्रयोगशाळेत मात्र ही दोन वेगळी जनावरे आहेत आणि त्यांची उत्तरे नेहमी जुळतात असे नाही.

'एक्स्टसी' या नशेच्या द्रव्याचे उदाहरण घेऊ. ते सिरोटोनिनची ने-आण करणाऱ्या प्रथिनाच्या दारातून पेशीत शिरते. रॅटला ते मोठ्या मात्रेत दिले, तर सिरोटोनिन वाहणाऱ्या चेतातंतूंच्या टोकांना इजा होते. १९८७ साली असे दिसले की फ्लुओक्सेटिन दिले तर ही इजा टळते. दार औषधाने अडवलेले असते, म्हणून द्रव्य आत जात नाही. कारण आणि कार्य यांची इतकी सुबक जोडी क्वचितच सापडते. पण तेच द्रव्य माऊसला दिले, तर मुख्यतः इजा होते ती डोपामिनच्या चेतातंतूंना, सिरोटोनिनच्या नव्हे! दोन उंदरांमध्येच एवढा फरक असेल, तर तिसऱ्या प्राण्याबद्दल, म्हणजे माणसाबद्दल, किती जपून बोलावे? नैराश्यावरच्या वेगळ्या गटातील, मोनोअमाइन ऑक्सिडेज या विकराला रोखणाऱ्या औषधांबरोबर एक्स्टसी घेतल्याने माणसे दगावल्याच्या नोंदी आहेत. 'नैराश्याची गोळी मेंदू वाचवते' असा सरसकट निष्कर्ष रॅटवरून कोणी काढला असता, तर तो जिवावर बेतला असता.

माणसाच्या जवळचा प्राणी घेतला म्हणजे धोका टळतो असेही नाही. २००२ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी माकडवर्गीय प्राण्यांवर प्रयोग करून एक्स्टसीमुळे डोपामिनच्या चेतापेशींना गंभीर इजा होते असे 'सायन्स' या साप्ताहिकात लिहिले. त्याची मोठी चर्चा झाली. २००३ साली तो निबंध संशोधकांनी स्वतःच मागे घेतला. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांचा घोळ झाला होता आणि प्राण्यांना एक्स्टसीऐवजी मेथॅम्फेटामिन हे वेगळेच द्रव्य दिले गेले होते. चूक कबूल केली हे चांगलेच झाले, पण बातमी जितकी पसरली तितकी दुरुस्ती पसरली नाही.

आता पुन्हा आपल्या मद्यार्काकडे येऊ. मद्यार्काने अ‍ॅलोप्रेग्ननोलोन वाढतो हे रॅटमध्ये दिसले. २०१० साली माऊस, रॅट, माकड आणि माणूस यांच्या रक्ताची तुलना करणारा अभ्यास झाला. त्यात माकडांत आणि माणसांत तशी वाढ आढळली नाही. म्हणजे ज्या जागी गोळी आणि दारू एकत्र येतात असे वाटत होते, ती जागा माणसात आहे हेच सिद्ध होत नाही.

माणसांवर तपासले तेव्हा

फ्लुओक्सेटिन दिले की रॅट दारू कमी पितात, असे अनेक प्रयोगांत आढळले आहे. त्यावरून आशा निर्माण झाली होती की व्यसनी माणसांनाही याचा उपयोग होईल. यात एक फट आधीच दिसायला हवी होती. फ्लुओक्सेटिन दिलेले रॅट अन्नही कमी खातात. मग दारूची ओढ कमी झाली, की एकूणच भूक मंदावली?

१९९५ साली कनेक्टिकट विद्यापीठातील संशोधकांनी दारूवर अवलंबून असलेल्या सुमारे १०० माणसांना, कोणाला फ्लुओक्सेटिन आणि कोणाला दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी देऊन पाहिले. पिण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत फरक पडला नाही. १९९६ साली याच माहितीचे पुढचे विश्लेषण आले. ज्यांचे व्यसन लवकर सुरू झालेले आणि तीव्र होते, अशा उपगटाचे फ्लुओक्सेटिनवर उलट अधिक वाईट झाले होते. हे रॅटवरून कळण्याजोगे नव्हते. प्रयोगशाळेतले रॅट एका वयाचे, एका वाणाचे, बहुधा नर आणि सारखे खाणारे असतात. अल्लीपूरच्या शेतकऱ्याला कर्ज आहे, अपुरी झोप आहे, मागे वडिलांचे व्यसन आहे. यातले काहीच नळकांड्याच्या पाण्यात उतरत नाही.

मग उंदीर कशाला?

इतके आक्षेप वाचून कोणी म्हणेल, की मग हे प्रयोग बंदच करावेत. आमचे मत तसे नाही. नागपूरच्या २००२ सालच्या कामाचा एक भाग अजून सांगायचा राहिला आहे. काही काळ रोज मद्यार्क देऊन तो एकाएकी बंद केला, तेव्हा त्याच चाचणीत उंदरांचा निश्चल काळ वाढला. पहिल्या दिवशी औषधासारखी वागलेली वस्तू सवय लागल्यावर उलटली. ज्यांनी दारूबाज माणसाची सकाळ पाहिली आहे त्यांना यात नवल वाटणार नाही, पण हे एकाच प्राण्यात, एकाच मापाने दाखवणे महत्त्वाचे आहे. चाचणीचे माप कच्चे असले, तरी त्याच मापाने काढलेल्या दोन आकड्यांतील फरक काहीतरी सांगून जातो. कानोपकानी आलेल्या गोष्टीत प्रयोगाचा पहिला अर्धा भाग राहिला आणि दुसरा सांडला, हे खरे दुखणे आहे.

शिवाय अ‍ॅलोप्रेग्ननोलोनचे पुढे काय झाले तेही पाहावे. २०१९ साली हाच रेणू 'ब्रेक्सानोलोन' या नावाने, बाळंतपणानंतरच्या नैराश्यावर शिरेतून द्यायचे औषध म्हणून अमेरिकेत मंजूर झाला. २०२३ साली त्याच जातकुळीतील, तोंडाने घ्यायचे झुरानोलोन मंजूर झाले. उंदरांनी दाखवलेल्या दिशेत तथ्य होते. पण मंजुरी मिळाली ती बाळंतिणींवर रीतसर चाचण्या झाल्यावर आणि सरसकट सर्व नैराश्यासाठी नव्हे. या औषधांसोबत असाही इशारा आहे, की दारूसारख्या गुंगी आणणाऱ्या पदार्थांबरोबर घेतल्यास गुंगी धोकादायक वाढू शकते. 'दोन्हीचं काम एकच' असेल, तर ते दोन्ही एकत्र न घेण्याचे कारण ठरते. एकाच दोरीला दोघांनी ओढले, तर ती दुप्पट ताणली जाते.

आपल्या देशात प्राण्यांवरील प्रयोगांवर १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली नियंत्रण आहे. प्रत्येक संस्थेच्या नीतिसमितीला किती प्राणी व कशासाठी हे पटवून द्यावे लागते. एवढे करून मिळालेले उत्तर अर्धेच वाचणे म्हणजे त्या प्राण्यांचा जीव वाया घालवणेही आहे.

अल्लीपूरला दिलेले उत्तर

त्या शिक्षकांना आम्ही जे सांगितले ते येथे देतो, कारण हा प्रश्न एकट्या अल्लीपूरचा नाही. प्रयोग खरा आहे, पण तो एका संध्याकाळचा आहे. रोजच्या संध्याकाळीचा प्रयोग त्याच नागपुरात झाला आणि त्याचे उत्तर उलटे आले, हे त्यांना सांगावे. गोळ्यांपैकी अ‍ॅमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या गोळ्या आणि दारू मिळून गुंगी फार वाढते. मोटारसायकल, विहिरीचा काठ, रात्रीचे ओलीत या ठिकाणी ती प्राणघातक ठरू शकते. 'आज पिणार म्हणून आजची गोळी चुकवली' हा तोडगा फ्लुओक्सेटिनच्या बाबतीत निरर्थक आहे, कारण ते आणि त्यापासून शरीरात बनणारे द्रव्य मिळून कित्येक दिवस ते आठवडे रक्तात राहतात. त्याने गोळीचा फायदा तेवढा बुडतो.

आणि एक गोष्ट उत्साही सुधारकांसाठी. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्यांनी एका दिवसात तोडू नये. झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी जीवही जातो. हे काम डॉक्टरांच्या देखरेखीखाली व्हावे. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय अल्लीपूरकरांना परके नाही. २०२२ पासून १४४१६ या 'टेलिमानस' क्रमांकावर फोन करून मराठीतूनही बोलता येते. गोळी देणाऱ्या डॉक्टरांना पिण्याची गोष्ट सांगितली पाहिजे. दारूबंदीच्या जिल्ह्यात पोलिसांच्या भीतीने आणि लाजेने ती लपवली जाते, आणि मग डॉक्टर अर्ध्या माहितीवर औषध लिहितात.

शिक्षकांनी सारे ऐकून घेतले आणि विचारले, "एवढं सगळं त्याले कसं सांगू?" आम्ही म्हटले, सगळे सांगू नका. त्यांना एवढेच विचारा, की ज्या उंदराला रोज पाजली त्याचे पुढे काय झाले, हे कोणी सांगितले होते का?